फिशर यांची ‘विसात एक’ रेघ

लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड नावाचे जुने शेती संशोधन केंद्र आहे. तिथल्या ब्रॉडबाल्क या शेतात १८४३ पासून दरवर्षी गहू पेरला जात होता. कोणत्या तुकड्याला कोणते खत घातले, पीक किती आले, पाऊस किती पडला, याच्या नोंदींची बाडे साचली होती. त्यातून काही अर्थ निघतो का, हे पाहण्यासाठी १९१९ साली २९ वर्षांच्या रोनाल्ड फिशर यांना नेमण्यात आले. त्याच सुमारास कार्ल पिअर्सन यांच्या नामांकित प्रयोगशाळेतली जागा त्यांना देऊ केली गेली होती. ती सोडून ते या शेतात आले.

फिशर यांची दृष्टी लहानपणापासून फार अधू होती. रात्री दिव्याखाली वाचायला मनाई असल्याने त्यांनी बरेचसे गणित कागद-पेन्सिलीशिवाय, मनात आकृत्या काढत शिकून घेतले. पुढे त्यांची उत्तरे बरोबर असत, पण मधल्या पायऱ्या इतरांना दिसत नसत. केंब्रिजची पदवी १९१२ मध्ये मिळाली. पहिल्या महायुद्धात डोळ्यांमुळेच सैन्याने नाकारले, म्हणून काही वर्षे शाळेत शिकवले.

रोथॅमस्टेडचा प्रश्न आजच्या कोणत्याही डॉक्टरच्या ओळखीचा आहे. एका तुकड्याला नवे खत घातले आणि तिथे गहू जास्त आला. हा गुण खताचा, की त्या जमिनीचा कसच मुळात चांगला होता? फिशर यांनी उपाय सांगितला. शेताचे अनेक तुकडे करा, खत कुठे घालायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि तीच तुलना अनेक तुकड्यांवर करा. ही चिठ्ठ्यांची पद्धत पुढे माणसांवरील औषध चाचण्यांत आली. १९४८ साली प्रसिद्ध झालेली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी हे तिचे गाजलेले उदाहरण. आज औषधांच्या मोठ्या चाचण्या याच वाटेने जातात.

फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात ही विचारपद्धत चहाच्या कपांवरून समजावली. कपात दूध आधी ओतले की चहा, हे चवीवरून ओळखता येते असे एक बाई म्हणतात. मग त्यांना आठ कप द्या, चार असे आणि चार तसे, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवलेला. आठांतून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत. म्हणजे चव अजिबात कळत नसताना नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक. सहाच कप दिले तर हीच शक्यता २० मध्ये एक होते. आठ कपांत एक चूक झाली, तर मात्र दावा ढासळतो. तेवढे किंवा त्याहून चांगले उत्तर निव्वळ योगायोगानेही ७० पैकी १७ वेळा येते.

२० मध्ये एक, म्हणजे पाच टक्के, ही रेघ फिशर यांनी सोयीची म्हणून सुचवली होती. निव्वळ योगायोगाने असा निकाल विसात एकदाही येणार नसेल, तर त्याकडे लक्ष द्यावे, एवढाच तिचा अर्थ. दावा ९५ टक्के खरा आहे, असे ती सांगत नाही. हा गैरसमज आजही वैद्यकीय परिषदांत सर्रास ऐकू येतो. आणि १९२६ च्या लेखात फिशर यांनी रेघेसोबत आणखी एक अट घातली होती. नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केल्यावर ही रेघ क्वचितच चुकत असेल, तेव्हाच ती गोष्ट सिद्ध मानायची.

जगाने रेघ उचलली आणि अट मागे ठेवली. शंभर निरुपयोगी औषधे एकेकदा तपासली, तर सरासरी पाच तरी रेघ पार करतील. त्या पाचांचे निबंध छापून येतात, उरलेले ९५ निकाल कपाटात राहतात. एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील ५३ गाजलेली संशोधने तपासली, त्यांपैकी फक्त सहांचे निष्कर्ष टिकल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्याचा निकाल २०१५ मध्ये आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के रेघेपलीकडे होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के. हा दोष आकडेशास्त्राच्या माथी मारणे सोपे आहे, पण ज्याने रेघ आखली त्यानेच अट घातली होती.

स्वतः फिशर दुसऱ्यांच्या आकड्यांबाबत कमालीचे संशयी होते. मेंडेल यांचे वाटाण्यांचे आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात, एवढे जुळणे योगायोगाने होत नाही, हे त्यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. मोठा माणूस म्हणून सूट नाही. मात्र सुप्रजननासारख्या विचारांत हा काटेकोरपणा त्यांनी दाखवला नाही. त्यांची ती बाजू आजही टीकेचा विषय आहे.

तंबाखूच्या बाबतीत तर हा विरोधाभास अधिकच बोचतो. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफोर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत चिठ्ठ्यांची पद्धत आणणारे हेच हिल. फिशर पाईप ओढणारे, आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही. दोन्ही गोष्टी एकाच आनुवंशिक कारणाने होत असतील, असा मुद्दा त्यांनी १९५७-५८ मध्ये मांडला. जुळ्या भावंडांची माहितीही त्यासाठी पुढे केली. एका अभ्यासापुरती ही शंका रास्त होती. तोवर मात्र अमेरिकेतील वेगळ्या संशोधकांना तोच संबंध दिसला होता. ब्रिटिश डॉक्टरांच्या मोठ्या गटाच्या पाठपुराव्यात १९५६ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका कमी होत जातो, हेही दिसले होते. निकाल पुन्हा पुन्हा तोच येत होता. फिशर बधले नाहीत.

त्यांनी घडवलेली पद्धत भारतातही रुजली. कोलकात्यात महालनोबिस यांनी उभारलेल्या संस्थेत ते येत असत, आणि सी. आर. राव यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली केंब्रिजला डॉक्टरेट घेतली. अखेरची वर्षे फिशर यांनी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला काढली. २९ जुलै १९६२ रोजी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने अनेक देशांतील अभ्यास एकत्र मांडून अहवाल प्रसिद्ध केला होता. धूम्रपान हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे, असे त्यात स्पष्टपणे लिहिले होते.