रफी साहेबांची मराठी

31 जुलै 1980. रमजानचा महिना होता. मुंबईत मोहम्मद रफी साहेबांचा इंतकाल झाला. ही तारीख आली की देवपूरच्या आमच्या घरात दिवसभर त्यांचीच गाणी लागतात.

त्यांचा जन्म 24 डिसेंबर 1924 चा, अमृतसरजवळच्या कोटला सुलतान सिंग गावचा. लहानपणी गल्लीत गाणाऱ्या फकिराच्या मागे फिरत ते गायला शिकले. पुढे लाहोर, मग मुंबई. नौशाद साहेबांच्या संगीतातला 'बैजू बावरा' 1952 मध्ये आला आणि त्यांचा आवाज घराघरात पोहोचला. 1967 मध्ये पद्मश्री मिळाली.

पण आम्हाला जास्त जवळचे वाटतात ते मराठी गाणारे रफी साहेब. त्यांची मायबोली पंजाबी, लिहिणं-वाचणं उर्दूत. तरी श्रीकांत ठाकरे यांच्या चालीवर वंदना विटणकरांचे शब्द त्यांनी मन लावून गायले. 'शोधिसी मानवा' ऐकताना कुणी परका गातोय असं वाटतच नाही.

आमच्या वर्गातली काही मुलं घरी उर्दू बोलतात. मराठीच्या तासाला उच्चार चुकेल म्हणून गप्प बसतात. त्यांना आम्ही हेच गाणं ऐकवतो आणि सांगतो की जबान तिच्यासाठी मेहनत करणाऱ्याची असते. मग एखादा हात हळूच वर होतो.

अल्लाह रफी साहेबांची मगफिरत करो. आमीन.