ओले एव्हिनरूड आणि होडीमागची मोटर

२०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या रबरी बोटी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. त्यांच्या मागे लटकवलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. ती सर्वांत आधी बनवणारे दुसरे होते, पण घरोघरी पोचवली ती ओले एव्हिनरूडने. (नावच ओले, मग माणूस पाण्यातच रमणार ना!)

जन्म १८७७, नॉर्वे. ओले पाच वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले. शाळा फारशी झालीच नाही. सोळाव्या वर्षी मशीनशॉपमध्ये लागला आणि पुढे पॅटर्नमेकर झाला, म्हणजे कास्टिंगसाठी लाकडी नमुने करणारा. आमच्या अंबड एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये सहज खपला असता.

एकदा तळ्यावर सहलीला बेस कॅरीला आइस्क्रीम हवं होतं. ओलेने कडक उन्हात चारेक किलोमीटर होडी वल्हवली, पण परत येईस्तोवर आइस्क्रीमचं पाणी! मोटरची कल्पना तिथे सुचली असं सांगतात. मला मात्र या गोष्टीची खरी हिरॉइन बेस वाटते. दोघांचं लग्न झालं, १९०९ मध्ये दीड हॉर्सपॉवरची मोटर बाजारात आली, आणि जाहिराती, पत्रं, हिशेब सगळं बेसने सांभाळलं.

त्यात तिची तब्येत ढासळली. धंदा जोरात असताना ओलेने आपला हिस्सा पार्टनरला विकला, पाच वर्षं या धंद्यात न येण्याची अट मान्य केली आणि बायको-मुलाला घेऊन फिरायला निघाला.

डोक्यात किडा एकच, वजन. पहिली मोटर २८ किलोची होती. शिडाच्या बोटीवरून किनाऱ्याला जायची छोटी होडी म्हणजे डिंगी. तिच्यासाठी मोटर निवडताना आजही हाच पेच पडतो. पॉवर वाढवली की वजन वाढतं, होडी मागे दबते, आणि मोटर दर वेळी हलत्या होडीतून वर चढवणार कोण? ओलेने अ‍ॅल्युमिनियम वापरलं, दोन सिलिंडर समोरासमोर बसवले, त्यामुळे थरथरही कमी झाली. पॉवर ३ हॉर्सपॉवर, वजन २२ किलो!

जुन्या पार्टनरला हे डिझाइन दाखवलं, तर त्याने नको म्हटलं. मग १९२१ मध्ये ओलेने 'एल्टो' ही मोटर काढली, म्हणजे स्पर्धा स्वतःच्याच नावाशी. १९२९ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि अध्यक्ष झाला ओलेच. बेस १९३३ मध्ये गेली, तो १९३४ मध्ये. त्याच्या नावाच्या मोटरी २०२० पर्यंत बनत होत्या.