लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे निर्माते होते. लोखंडी नांगराचे कारखानदार म्हणून ते सर्वपरिचित असले, तरी त्यांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाली. दुचाकी हे वाहन हौशी व सधन लोकांपुरतेच मर्यादित होते, त्या काळात ते विकणे, चालवायला शिकवणे आणि दुरुस्त करून देणे ही तिन्ही कामे किर्लोस्कर बंधूंनी एकाच दुकानात केली. या अनुभवाचा ठसा त्यांच्या पुढील सर्व उद्योगांवर उमटलेला दिसतो.

घराणे व बालपण

किर्लोस्कर हे आडनाव किर्लोस या गावावरून आले आहे. हे गाव आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात आहे. घराण्याची एक शाखा कोकणातून घाटमाथ्यावर गेली आणि बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे स्थायिक झाली. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचा जन्म गुर्लहोसूर येथे झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. घरातील वातावरण विद्याव्यासंगाचे असले, तरी लक्ष्मणरावांचे मन शालेय अभ्यासात रमले नाही. चित्रकला आणि यंत्रे या दोन गोष्टींची त्यांना लहानपणापासून ओढ होती. वडील बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी ही ओढ ओळखली आणि धाकट्या भावाच्या पाठीशी ते उभे राहिले.

मुंबईतील शिक्षण व नोकरी

१८८५ साली लक्ष्मणरावांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे सुमारे दोन वर्षे शिकल्यानंतर त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाही, असे आढळून आले. चित्रकार होण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. मात्र रेखाटनावरील हुकमत या दोषाने बाधित होत नव्हती. ते यंत्ररेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे शिक्षक झाले. संस्थेच्या कार्यशाळेत त्यांनी प्रत्यक्ष यंत्रे हाताळली, त्यांची रचना समजून घेतली आणि इंग्रजी तांत्रिक ग्रंथांचे वाचन केले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले.

सायकलचे दुकान

लक्ष्मणराव मुंबईत होते, त्या काळात दुचाकीच्या रचनेत मोठे बदल घडत होते. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे लहान अशी जुनी सायकल उंच असे. तिच्यावरून पडण्याचा धोकाही मोठा असे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ समान आकाराची चाके असलेली आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बाजारात आणली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. त्याच वर्षी इंग्लंड व वेल्समधील कायद्याने सायकलला गाडी म्हणून मान्यता दिली. त्यामुळे स्थानिक मंडळांना सायकलस्वारांवर मनमानी बंधने घालता येईनात आणि सार्वजनिक रस्त्यावरील त्यांचा हक्क मान्य झाला. मोटारसायकलचा जन्मही याच काळातला. गोटलीप डाइम्लर यांची इंजिनावर चालणारी प्रायोगिक दुचाकी १८८५ सालची आहे.

भारतात मात्र सायकल ही दुर्मिळ आणि महाग वस्तू होती. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकल पाहिली आणि ते स्वतः ती चालवायला शिकले. मुंबईत खरेदी केलेल्या सायकली ते बेळगावास पाठवत आणि रामूअण्णा तेथे त्यांची विक्री करत. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी आपली स्थापना १८८८ सालापासून मोजते, ती या व्यवसायामुळेच.

बेळगाव हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे आणि लष्करी छावणीचे शहर होते. वेंगुर्ले बंदरातून निघालेला रस्ता आंबोली घाट चढून तेथे पोहोचत असे. बैलगाडी, टांगा आणि घोडा ही तेव्हाची नेहमीची वाहने होती. घोडा बाळगायचा म्हणजे तबेला, वैरण आणि मोतद्दार यांचा खर्च आला. सायकलीला यांपैकी काहीच लागत नव्हते. परंतु तिच्या प्रसारात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ती चालवता येणारी माणसे जवळपास नव्हती. दुसरी म्हणजे परदेशातून आलेल्या या वाहनाची धाव फाटली, साखळी तुटली वा चाकाचे आरे वाकले, तर ते दुरुस्त करणारा कोणी नव्हता. त्यामुळे केवळ वस्तू विकून हा व्यवसाय चालण्यासारखा नव्हता. रामूअण्णा शुल्क घेऊन लोकांना सायकल चालवायला शिकवत. लक्ष्मणराव नोकरी सोडून आल्यावर दुकानाला यंत्रज्ञ मिळाला आणि दुरुस्तीच्या कामाला बळ आले. नवशिक्याला तोल सांभाळण्याचे धडे देणे आणि बिघडलेली सायकल पुन्हा रस्त्यावर आणणे ही कामे विक्रीइतकीच महत्त्वाची ठरली.

लोखंडी नांगर

सायकलीच्या धंद्यात स्पर्धा वाढू लागली, तेव्हा किर्लोस्कर बंधूंनी इतर यंत्रांकडे लक्ष वळवले. युरोपात सायकलीच्या अनेक कारखान्यांनी पुढे मोटारसायकली बनवल्या. इंग्लंडमधील एनफील्ड आणि ट्रायम्फ या कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन वर्षांतच हा पल्ला गाठला. बेळगावच्या परिसरातील बहुसंख्य जनता शेतीवर जगत होती. म्हणून लक्ष्मणरावांनी शेतीची अवजारे निवडली. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर हाती घेतला.

देशी लाकडी नांगराने जमिनीचा वरचा थर उकरला जाई. लोखंडी नांगर जमीन खोलवर फोडून माती उलथवतो. त्यामुळे हरळीसारख्या तणांची मुळे वर येतात. हा लाभ उघड असूनही लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. आरंभीचे नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. शेतकऱ्याचा अविश्वास हे अज्ञान मानून लक्ष्मणरावांनी तो सोडून दिला नाही. शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून नांगरात सुधारणा करणे, प्रत्यक्ष जमिनीत तो चालवून दाखवणे आणि फाळासारखे झिजणारे भाग उपलब्ध ठेवणे, या मार्गांनी त्यांनी तो रुजवला. सायकलच्या दुकानातील पद्धतीच येथे शेतात उतरली होती.

बेळगाव सोडणे व किर्लोस्करवाडी

नांगराला मागणी येऊ लागली असतानाच कारखान्यावर संकट कोसळले. नव्या उपनगराच्या आखणीसाठी बेळगाव नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. उभारलेली यंत्रे, शिकवून तयार केलेले कारागीर आणि नुकताच मिळवलेला शेतकऱ्यांचा विश्वास यांसह सगळा उद्योग उघड्यावर पडण्याची वेळ आली. या काळात ते औंध संस्थानात सभामंडपाच्या बांधकामाचे काम करत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना त्यांची अडचण कळली, तेव्हा त्यांनी संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगून दहा हजार रुपयांचे कर्जही देऊ केले.

लक्ष्मणरावांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ निवडला. तेथे पाण्याची टंचाई होती, निवडुंग माजलेले होते आणि सापांचा सुळसुळाट होता. कच्चा माल आणण्यासाठी व नांगर दूरवर पाठवण्यासाठी रेल्वे जवळ असणे मात्र आवश्यक होते. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. आरंभी सुमारे पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह येथे राहावयास आले. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांचा विरोध होता आणि वसाहतीत तो आचरणातही आणला गेला. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांनी त्यांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. शालेय शिक्षण अपुरे राहिलेले अनेक तरुण येथे काम करता करता यंत्रज्ञ झाले.

उद्योगाचा विस्तार

पहिल्या महायुद्धाच्या काळात आयात लोखंड व कोळसा मिळणे कठीण झाले, तरी कारखाना चालू राहिला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी सुरू झालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी सुशिक्षित वर्गात मान्यता पावले. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तयार होऊ लागले.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आले आणि वडिलांच्या हाताखाली किर्लोस्करवाडीत कामास लागले. १९४१ साली हरिहर येथे यंत्रसाधनांचा आणि १९४६ साली पुणे येथे तेल-इंजिनांचा व बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू झाला. कार्यभार पुढील पिढीकडे सोपवल्यानंतर लक्ष्मणराव निवृत्त जीवन जगले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महत्त्व व स्मृती

लक्ष्मणराव हे शोधक नव्हते. सायकल, नांगर, पंप यांपैकी कशाचाही मूळ शोध त्यांनी लावला नाही. परक्या देशात तयार झालेले यंत्र येथील माणसाच्या रोजच्या व्यवहारात कसे यावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. यंत्र वापरण्याचे शिक्षण, जवळच्या जवळ दुरुस्ती आणि सुट्या भागांची उपलब्धता या तीन गोष्टींची जोड दिल्याशिवाय ते सामान्य माणसाचे होत नाही, हे त्यांनी बेळगावच्या दुकानात जाणले. भारतात दुचाकीचा प्रसारही पुढे याच वाटेने झाला. गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांनी आणि भाड्याने सायकली देणाऱ्यांनी तो घडवला. स्कूटर, मोपेड आणि मोटारसायकल ही वाहने खेड्यापाड्यांत पोहोचली, तीही रस्त्याकडेच्या गॅरेजांच्या आधारावर.

लक्ष्मणरावांच्या हयातीत त्यांच्या कारखान्यांनी मोटारसायकल बनवली नाही. त्यांच्या निधनानंतर किर्लोस्कर घाटगे पाटील ऑटो या कंपनीने ‘लक्ष्मी’ नावाची मोपेड बाजारात आणली. सायकलीने सुरू झालेल्या घराण्याच्या उद्योगाचा दुचाकीशी असा पुन्हा एकदा संबंध आला.

बेळगावातील एका रस्त्याला किर्लोस्कर रोड हे नाव आहे. कुंडल रोड हे रेल्वे स्थानक आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने लक्ष्मणरावांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.