नाव विचारायचं राहिलं

कपाळावर आठ्या, हात गालाशी, मांडीवर तान्हं, दोन्ही खांद्यांशी तोंडं लपवलेली मुलं. हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी लेक तान्ही होती. नजरच हलेना.

तो काढणारी डोरोथिया लँग अमेरिकेतली, जन्म १८९५चा. सातव्या वर्षी पोलिओने पाय अधू झाला. सॅन फ्रान्सिस्कोत ती श्रीमंतांचे फोटो काढायची. मंदी आली तशी कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली.

दुष्काळाने घरदार सुटलेली कुटुंबं तेव्हा कॅलिफोर्नियात येत होती. लोकांना ती नकोशी. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीस त्यांना राज्याच्या सीमेवरूनच परत धाडत होते. मार्चमध्ये निपोमोच्या मजूर छावणीत लँगने ही आई टिपली. फोटो वर्तमानपत्रात आले आणि सरकारने तिथे सुमारे ९ टन अन्न पाठवलं.

पण ती आई तोवर पुढे निघून गेली होती. लँगने तिचं नाव विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये. लँग १९६५ मध्येच गेली होती. त्या फोटोने आपल्याला काहीच दिलं नाही, ही फ्लॉरेन्सची खंत.

लँगचं मोठेपण मी मानतेच. पण हल्ली पेपरात निर्वासितांचा फोटो दिसला, की खाली नाव आहे का, ते मी आधी बघते.