पाव्हलॉव्ह आणि बुजरी कुत्री

इव्हान पाव्हलॉव्ह हे नाव ऐकले की घंटा वाजते आणि कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. पाठ्यपुस्तकांनी हे चित्र इतके घट्ट करून ठेवले आहे की त्यामागचा माणूस आणि त्याची कुत्री दोन्ही झाकोळून गेली. प्रत्यक्षात या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत लाळेच्या थेंबांबरोबर कुत्र्यांची भीतीही मोजली गेली. अनोळखी माणूस दिसताच कुत्रा का बिचकतो, त्याच्या अंगावर का धावून जातो आणि हे बुजरेपण कशाने ओसरते, या प्रश्नांशी पाव्हलॉव्ह यांची गाठ वारंवार पडली. उतारवयात तर याच प्रश्नाने त्यांना आपले एक जुने मत बदलायला लावले.

पाव्हलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या रियाझान या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरात मुलांचा राबता मोठा आणि मिळकत बेताची. लहानपणी उंचावरून पडल्यामुळे इव्हानची प्रकृती खालावली आणि वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत त्याला शाळेचे तोंड पाहता आले नाही. पुढे घराण्याच्या रीतीप्रमाणे त्याची रवानगी धर्मशिक्षणाच्या शाळेत झाली. तेथे असतानाच सेचेनॉव्ह या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरील ग्रंथ त्याच्या हाती पडला. मनाचे व्यापारही शरीराच्या नियमांनी समजून घेता येतील, या विचाराने तो तरुण भारावून गेला. १८७० मध्ये धर्मशिक्षण सोडून त्याने सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात निसर्गविज्ञानासाठी प्रवेश घेतला.

त्यानंतरची वीस वर्षे ओढाताणीची गेली. वैद्यकाची पदवी मिळाली, पण स्थिर नोकरी नव्हती. १८८१ मध्ये सेराफिमा कार्चेव्स्काया यांच्याशी विवाह झाला. पहिले अपत्य तान्हेपणीच गेले. जर्मनीत दोन वर्षे संशोधन करून परतल्यावरही हलाखी संपली नव्हती. १८९० मध्ये मात्र दिवस पालटले. लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकपद मिळाले आणि त्याच सुमारास नव्याने स्थापन झालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रियाशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. तेथे पचनक्रियेवर केलेल्या कामासाठी १९०४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

पचनाचा अभ्यास करतानाच त्यांच्या लक्षात आले की, अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्या माणसाची पावले ऐकूनही कुत्र्याला लाळ सुटते. हा अडथळा म्हणून बाजूला सारण्याऐवजी त्यांनी तोच संशोधनाचा विषय केला. एरवी निरर्थक असलेली एखादी खूण अन्नाच्या अगोदर पुनःपुन्हा आली, तर ती खूणच अन्नाची वर्दी देऊ लागते. यालाच पुढे अभिसंधित प्रतिक्षिप्त क्रिया असे नाव मिळाले. १९०३ मध्ये माद्रिद येथील वैद्यकीय परिषदेत त्यांनी ही कल्पना जगापुढे मांडली. खूण म्हणून घंटेपेक्षा तालमापकाची टिकटिक, विजेचा दिवा, त्वचेवरचा हलका स्पर्श यांचा वापर अधिक होत असे.

याच कामात अनोळखी माणसाचा प्रश्न पुढे आला. एखाद्या सहकाऱ्याने कुत्र्याला नवी खूण शिकवावी, ती पक्की झाली म्हणून मोठ्या उत्साहाने गुरूंना पाहायला बोलवावे आणि पाव्हलॉव्ह खोलीत शिरताच कुत्र्याने सारे विसरावे, असा प्रकार वारंवार घडे. कुत्रा मान वळवून आगंतुकाकडे पाही, हुंगू लागे आणि लाळेचा थेंब पडत नसे. पाव्हलॉव्ह यांनी यात कुत्र्याचा दोष पाहिला नाही. परका माणूस ही स्वतःच एक प्रबळ खूण आहे आणि तिने शिकवलेल्या खुणेला दाबून टाकले, असा अर्थ त्यांनी लावला. १९१० नंतर त्यांनी जाड भिंतींची, भोवती खंदक असलेली एक स्वतंत्र इमारत उभारून घेतली. तेथे प्रयोग करणारा माणूस कुत्र्याच्या खोलीबाहेर बसे. बाहेरचा आवाज किंवा माणसाची चाहूल कुत्र्यापर्यंत पोहोचू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप होता.

प्रयोगशाळेतील एक कुत्रा आपल्या नेहमीच्या प्रयोगकर्त्याशी अत्यंत प्रेमाने वागे, पण परक्यावर तुटून पडे. पाव्हलॉव्ह यांनी त्याच्या वागण्याचे बारकाईने विश्लेषण केले. पट्ट्यांनी मंचावर जखडलेले असणे, बंद खोली आणि जवळ आपला माणूस या गोष्टी एकत्र आल्या की त्याची आक्रमकता भडके. त्याच कुत्र्याला मोकळे करून खोलीबाहेर आणले की परक्याविषयी तो बराचसा उदासीन होई. म्हणजे चिडखोरपणा कुत्र्यात जितका होता, तितकाच तो परिस्थितीतही होता. दुसऱ्या एका कुत्र्याला मंचावर बांधलेलेच सहन होत नसे. त्याला मारझोड न करता रोजचे अन्न केवळ मंचावरच देण्यास सुरुवात झाली. प्रारंभी तो जेमतेम खाई, वजनही उतरले. बऱ्याच काळाने तो त्या जागी शांत उभा राहू लागला.

भीती कशी निर्माण होते, हेही याच प्रयोगशाळेत दिसले. १९१४ च्या सुमारास एका सहकारी स्त्रीने एका कुत्र्याला वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतील फरक शिकवला. वर्तुळ दिसले की अन्न, लंबवर्तुळ दिसले की काही नाही. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळाच्या जवळ नेण्यात आले. दोन्ही अक्षांचे प्रमाण ९ : ८ इतके जवळ येताच त्या शांत कुत्र्याचा तोल गेला. तो किंचाळू लागला, उपकरणे चावू लागला आणि पूर्वी सहज जमणारा सोपा फरकही विसरला. त्याला पुन्हा अगदी सोप्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. सहनशक्तीच्या पलीकडचा ताण शिकवण्यासाठी दिला, तर शिकलेलेही नाहीसे होते, हा धडा त्यातून मिळाला.

२३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडला महापुराने वेढले. प्रयोगशाळेच्या आवारातील कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. पिंजऱ्यांची दारे खाली असल्यामुळे कुत्र्यांना बाहेर काढताना त्यांची डोकी पाण्याखाली दाबून ओढावे लागले. कुत्री वाचली, पण त्यांपैकी काहींच्या साऱ्या शिकलेल्या खुणा पुसल्या गेल्या. एक कुत्रा मंचावर अस्वस्थ होई, अन्नाला तोंड लावत नसे. एरवी त्याला एकट्याला खोलीत ठेवण्याचा नियम होता. तो मोडून त्याचा परिचित प्रयोगकर्ता त्याच्याजवळ बसला, तेव्हा हरवलेल्या प्रतिक्रिया परत आल्या. त्या माणसाचे नुसते कपडे कुत्र्याच्या नजरेआड ठेवले, तरी वासाने काम होत असे. पुढे तो सावरला असतानाच दाराखालून पाण्याची एक बारीक धार खोलीत सोडण्यात आली आणि जुनी भीती पुन्हा उसळली. भीती ओसरली तरी तिचा माग मागे राहतो, हे त्या धारेने दाखवले.

या काळात पाव्हलॉव्ह यांच्या स्वतःच्या आयुष्यातही वादळे कमी नव्हती. क्रांतीनंतरच्या उपासमारीत प्रयोगशाळेतील कुत्री भुकेने मेली. १९१९ मध्ये एक मुलगा गेला. १९२१ च्या जानेवारीत लेनिन यांनी विशेष आदेश काढून त्यांच्या संशोधनासाठी सोयीसुविधा पुरवल्या, तरी नव्या राजवटीवर टीका करायला ते कचरले नाहीत. शहराबाहेर कोल्तुशी येथे त्यांच्यासाठी मोठे संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे कुत्र्यांच्या स्वभावाचा अभ्यास सुरू झाला.

पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांचे स्वभावानुसार चार गट केले होते. शेपूट पायांत घालून भिंतीशी चिकटणारा, परक्याची चाहूल लागताच जमिनीला लोळण घेणारा कुत्रा त्यांनी दुर्बल मज्जासंस्थेच्या गटात टाकला होता. हे दौर्बल्य जन्मजात, अशी त्यांची धारणा होती. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दोन वितींतील पिल्लांची विभागणी केली. निम्मी पिल्ले मोकळी वाढली, निम्मी पिंजऱ्यात. पिंजऱ्यात वाढलेली सारी पिल्ले मोठेपणी भित्री निघाली, मग त्यांची मूळ मज्जासंस्था सबळ असो वा दुर्बल. आपण ज्याला जन्माचा स्वभाव समजत होतो, त्यात संगोपनाचा वाटा मोठा आहे, हे ऐंशी ओलांडलेल्या त्या वृद्धाने मान्य केले आणि आपली मांडणी दुरुस्त केली. आयुष्यभर जपलेल्या सिद्धान्ताला पुराव्यापुढे नमवणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

ऑगस्ट १९३५ मध्ये लेनिनग्राडला भरलेल्या जागतिक शरीरक्रियाशास्त्र परिषदेचे यजमानपद त्यांनी भूषवले. त्याच वर्षी दुसरा एक मुलगा निवर्तला. संस्थेच्या बागेत त्यांच्या इच्छेने कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. त्या स्मारकाने सारे ऋण फिटले, असे म्हणता येणार नाही. शस्त्रक्रिया, विजेचे झटके, वर्षानुवर्षांचे बंधन, यांतून गेलेल्या शेकडो कुत्र्यांच्या देहावर हे ज्ञान उभे आहे. आजच्या नियमांत यांतले कितीतरी प्रयोग बसणार नाहीत. म्हणूनच त्या ज्ञानाचा पहिला लाभ कुत्र्यांना मिळावा, हे न्यायाचे ठरेल.

तो लाभ मिळू शकतो. १९२४ मध्येच न्यू यॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका बालकाला आवडीचा खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच तत्त्वावर माणसांच्या भयावरील उपचारपद्धती मांडली. बुजऱ्या कुत्र्यांसाठी आज वापरली जाणारी रीत या वाटेनेच आली आहे. परका माणूस इतक्या अंतरावर असावा की कुत्र्याला तो दिसेल, पण भीती वाटणार नाही. माणूस आधी दिसावा आणि लगेच आवडीचा घास मिळावा. क्रम उलटा झाला तर घासच भीतीची वर्दी ठरतो. माणूस नजरेआड झाला की घासही थांबावा. अंतर दिवसादिवसाने घटवावे. कुत्र्याने घास नाकारला, तर आपण ९ : ८ च्या जवळ पोहोचलो आहोत असे समजून मागे सरावे. पाहुण्याने टक लावून पाहू नये, डोक्यावर वाकू नये, हात पुढे करू नये. जवळ जाण्याचा निर्णय कुत्र्यावर सोडावा. भुंकला म्हणून फटका मारला, तर परका माणूस वेदनेची खूण होऊन बसतो.

गोव्यात चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी पाहुण्यांची वर्दळ असते, जोडीला फटाक्यांचे आवाज. दाराशी साखळीने बांधलेला कुत्रा त्या गर्दीत दिवसभर भुंकतो आणि घरातली माणसे त्याला जन्माचाच तापट किंवा भित्रा म्हणून मोकळी होतात. बांधलेला देह, अरुंद जागा आणि अंगावर येणारे परके, हे सारे पाव्हलॉव्ह यांच्या त्या मंचावर होतेच. अशा वेळी कुत्र्याला आतल्या शांत खोलीत, घरच्या माणसाच्या जुन्या सदऱ्याजवळ ठेवले, तरी बरेच काही साधते. उरलेले काम गर्दी ओसरल्यावर, एकेका पाहुण्याच्या साथीने, अंगणाच्या दुसऱ्या टोकापासून सुरू करता येते. त्यासाठी लागते ती केवळ सवड. कुत्र्याच्या स्वभावाविषयीचा निकाल आपण तेवढे दिवस राखून ठेवला पाहिजे. पाव्हलॉव्ह यांनी तो ऐंशीव्या वर्षानंतरही फिरवला होता.