धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत
(ताराबाई मोडक, १८९२-१९७३)

कळंबच्या जुन्या माणसांना हे नव्याने सांगायला नको. आईवडील पहाटेच वाडीत राबायला किंवा माल घेऊन बाजाराला गेले, की घरातले तान्हे मूल आजीकडे राहायचे. आजी नसली तर मोठ्या बहिणीच्या कडेवर. मग त्या बहिणीची शाळा कधी आठवड्यातून दोन दिवस, कधी कायमची बंद. आज आपल्या कितीतरी भगिनी नालासोपाऱ्याहून गाडी पकडून नोकरीला जातात. काळ बदलला, पण मूल कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न काही सुटलेला नाही.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळच्या बोर्डी व कोसबाड येथे, एका बाईंनी या प्रश्नाला हात घातला होता. त्या ताराबाई मोडक. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो कुठून आला हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवी घेतलेल्या मराठी मुली अगदी मोजक्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण हा संसार टिकला नाही. लहान मुलीची जबाबदारी अंगावर घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तेथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. पगार चांगला, मान मोठा. तरी काही काळाने ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. गिजुभाईसुद्धा वकिली सोडून मुलांत रमलेले गृहस्थ. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला व शिक्षणपत्रिका चालवली.

या दोघांना वाट दाखवली होती इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी. माँटेसरीबाई कॅथलिक, पेशाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे आपल्या तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोम शहरातल्या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. त्याचे कारणही ऐकण्यासारखे आहे. तिथल्या चाळींतले आईबाप दिवसभर कामाला जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांवर, भिंतींवर धुडगूस घालत. त्यांना कुठेतरी सांभाळा, एवढीच चाळमालकांची अपेक्षा होती. माँटेसरीबाईंनी मात्र त्या सांभाळण्यातूनच शिक्षणाची एक नवी पद्धत उभी केली.

१९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. ते नावारूपाला आले, शिक्षिकांचे प्रशिक्षणही होऊ लागले. पण माँटेसरीची लाकडी साधने महाग, आणि येणारी मुले बहुतेक खात्यापित्या घरची. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला यातले काय मिळणार, ही टोचणी त्यांच्या मनाला लागली. गांधीजींशीही त्यांचा या विषयावर विचारविनिमय झाला. अखेर १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जमलेला जम सोडून त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला आल्या अनुताई वाघ, लहानपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिका म्हणून काम केलेल्या. त्याच वर्षी या भागातले वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध उठले होते. अशा वेळी तिथे बालवाडी काढणे हे धाडसच म्हणायचे.

बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली मुले येईनात. पाड्यांवरची तर नाहीच. त्यांना बोलावून थकल्यावर दुसरे कोणी म्हणाले असते, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. असे म्हणणे फार सोपे असते. आपणही ते पुष्कळदा म्हणतो. ताराबाईंनी दोष शाळेला दिला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरवले. बाई सामान घेऊन वाड्यात जाऊ लागल्या. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, खरूज असेल तर औषध लावायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने-फुले. आया दारात उभ्या राहून बघत आणि बघता बघता स्वच्छता शिकत. हीच अंगणवाडी.

थोडी मोठी मुले तरी हाती लागत नव्हती. मुलगे गुरांमागे रानात, मुली धाकट्या भावंडांमागे घरात. मग गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिचे नाव कुरणशाळा. आणि मुलींसाठी जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही त्यांनी एकाच आवारात आणली व तिला विकासवाडी असे नाव दिले. मुलीने तान्ह्या भावाला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात निजवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. मुलीला शाळेत पाठवा असे आईला नुसते सांगून भागत नाही. तिच्या कडेवरचे मूल आधी कोणीतरी घ्यावे लागते. शिकलेल्या माणसांच्या हे ध्यानात यायला बराच वेळ लागतो.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या अधिक जवळ हलवले गेले. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. वय सत्तरीला आले होते, तरी त्यांचे लक्ष कामातून निघाले नाही.

१९७३ साली ताराबाईंचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पोषक आहार, लसीकरण, गरोदर मातांना सल्ला आणि लहान मुलांचे खेळत शिकणे या सगळ्या गोष्टी तिथे एकत्र आल्या. पुष्कळांना तिथली खिचडीच तेवढी दिसते, हा भाग वेगळा.

अनुताई मात्र कोसबाड सोडून गेल्या नाहीत. ताराबाईंच्या मागे त्यांनी जवळजवळ वीस वर्षे ते काम चालवले आणि १९९२ साली त्यांचेही निधन झाले. बोर्डी पाहायची असेल तर विरारहून डहाणू रोड आणि तिथून पुढचे स्टेशन घोलवड. चिकूच्या दिवसांत आपल्याकडची पुष्कळ मंडळी तिकडे जातातच.