गांधीजी आणि बकरीचे दूध

सायखेड्याचे एक शेतकरी गेल्या पावसाळ्यात आमच्या ओपीडीत आले. वय पंचावन्न, म्हणजे माझ्याच बरोबरीचे. पायांना मुंग्या येतात, अंधारात गोठ्याकडे जाताना तोल जातो, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, अशी तक्रार. मधुमेह नव्हता, दारू नव्हती. चार वर्षांपूर्वी त्यांनी पंढरपूरला माळ घातली आणि त्या दिवसापासून मटण, मासे, अंडी बंद केली. मग रोज खाता काय, असे विचारले. सकाळी चहा-बटर, दुपारी भाकरी आणि ठेचा, रात्री भाकरी आणि बटाट्याचे कालवण. डाळ कधीमधी. दारात दोन गाई आहेत, पण दूध सगळे डेअरीला जाते, घरात चहापुरते राहते. रक्त तपासले तर लाल पेशी आकाराने मोठ्या झालेल्या आणि बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले.

मांसाहार सोडणे वेगळे आणि शाकाहार घेणे वेगळे. हा फरक आपल्याकडे एका माणसाने स्वतःच्या शरीरावर आयुष्यभर तपासून पाहिला. त्या माणसाचे नाव मोहनदास करमचंद गांधी. त्यांच्या राजकारणाबद्दल सगळे बोलतात. एक डॉक्टर म्हणून मला त्यांच्या ताटाबद्दल जास्त कुतूहल आहे.

गांधीजी काठियावाडातल्या कडक शाकाहारी वैष्णव घरात १८६९ साली जन्मले. शाळकरी वयात एका मित्राच्या नादाने त्यांनी चोरून बकऱ्याचे मांस खाल्ले. इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत, आपणही खाल्ले तर त्यांना हाकलू, हा त्यामागचा हिशेब. पहिल्या रात्री पोटात बकरे ओरडत असल्याचा भास होऊन झोप लागली नाही. तरी वर्षभर अधूनमधून हा प्रकार चालला. आईवडिलांशी खोटे बोलावे लागते हे सहन होईना, तेव्हा थांबला. १८८८ मध्ये विलायतेला निघताना त्यांनी आईसमोर मांस, मदिरा आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली.

लंडनमध्ये ही शपथ पोटावर आली. घरमालकीण उकडलेला पालक, पाव आणि मुरंबा देई. पुन्हा पाव मागायला संकोच वाटे. कित्येक दिवस हा तरुण अर्धपोटी राहिला आणि शाकाहारी खानावळ शोधत मैलोन्मैल चालला. अखेर फॅरिंग्डन रस्त्यावर एक सापडली. तिथेच हेन्री सॉल्ट या लेखकाचे शाकाहारावरचे पुस्तक त्यांनी एका शिलिंगला विकत घेतले. ते वाचल्यावर गांधीजी स्वतःच्या विचाराने शाकाहारी झाले. पुढे लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवरही गेले. अंडी शाकाहारात बसतात का, यावर तेव्हाही वाद होता. गांधीजींनी आईला अभिप्रेत असलेला अर्थ धरला आणि अंडी सोडली.

दक्षिण आफ्रिकेत प्रयोग आणखी पुढे गेले. आधी मीठ आणि डाळी सुटल्या, तेही कस्तुरबांनी पथ्य पाळावे म्हणून त्यांच्यासोबत. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर दूधही सुटले. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर ते राहू लागले. कलकत्त्यात दुभत्या जनावरांकडून शेवटचा थेंब काढण्यासाठी किती क्रूर उपाय करतात, हे वाचून तो निश्चय पक्का झाला. १९१४ साली लंडनमध्ये त्यांना छातीच्या आवरणाची सूज आली. तेव्हा तिथे असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी डॉक्टर सांगतात ते खा, असा आग्रह धरला. गुरूचा शब्दही गांधीजींनी दुधापुरता मानला नाही.

हिशेब चुकता झाला तो १९१८ मध्ये. खेडा जिल्ह्यात उन्हातान्हात फिरताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू. पोट बिघडले. बरे वाटते न वाटते तोच सणाच्या दिवशी कस्तुरबांनी तूप न घालता, तेलात केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग वाढले. मोह आवरला नाही आणि जोराची आव लागली. माणूस अंथरुणाला खिळला, आता आपण जगत नाही असे त्यांना वाटू लागले. औषध घ्यायचे नाही, दूध घ्यायचे नाही, अंड्याचा तर प्रश्नच नाही. केळकर नावाच्या गृहस्थांनी अंगावर बर्फ लावण्याचा उपचार केला, त्याने थोडी हुशारी आली. हवापालटासाठी माथेरानला नेले, पण तिथल्या जड पाण्याने राहणे कठीण झाले, आवेमुळे गुदद्वाराला चिरा पडलेल्या होत्या, आणि आठवडा पुरा होण्याआधीच खाली उतरावे लागले.

मुंबईत डॉ. दलालांनी तपासले. दुधाशिवाय हे शरीर भरून येणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. गांधीजींनी व्रताचे कारण पुढे केले. व्रत गाई-म्हशींवरचा छळ वाचून घेतलेले. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी लगेच विचारले की मग बकरीच्या दुधाला काय हरकत आहे. या प्रसंगातला सर्वांत चांगला वैद्य मला कस्तुरबाच वाटतात. रुग्णाची अट न मोडता उपचार कसा बसवायचा हे आम्हाला वॉर्डात वर्षानुवर्षे शिकावे लागते. गांधीजींनी बकरीचे दूध घेतले, अंगात ताकद आली, डॉ. दलालांनी चिरांची शस्त्रक्रिया केली, आणि काही आठवड्यांतच रौलट कायद्याविरुद्धचा लढा उभा राहिला. आपण व्रताचे अक्षर पाळले पण आत्मा मोडला, ही खंत मात्र त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवली.

दूध सोडण्याची ओढ तरीही गेली नाही. १९२९ मध्ये साबरमतीला त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, मोड आलेले हरभरे, बदाम, मनुका. अशक्तपणा आला, पोट बिघडले, ऑगस्टमध्ये पुन्हा बकरीच्या दुधावर आले. त्याच काळात मुंबईत ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग तपासत होती. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने दाखवले. त्यातले द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. अन्नात डोळ्यांना न दिसणारे काहीतरी असते आणि ते नसले तर रक्त बनत नाही, हे विज्ञानाला तेव्हाच कुठे कळू लागले होते.

वर्ध्याला आल्यावर गांधीजींच्या ताटाला शहाणपण आले. हातसडीचा तांदूळ, गूळ, पालेभाज्या, सोयाबीन यांचे प्रयोग मगनवाडीत झाले. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्यासाठी रोजचे प्रमाण दिले आहे: गाईचे दूध २ पौंड, धान्य ६ औंस, पालेभाज्या ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, कच्च्या भाज्या १ औंस, शिवाय तूप, गूळ आणि फळे.

यात डाळ नाही, आणि हिशेब केला तर सारे दूध तोलून धरते हे दिसते. २ पौंड म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम दूध. त्यातून तीसेक ग्रॅम प्रथिने मिळतात, धान्यातून वीसेक. १९३९ मध्ये गांधीजींचे वजन ४६.७ किलो होते. त्या वजनाला पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. बी-१२ या दुधातून तीन-चार मायक्रोग्रॅम मिळते, रोजची गरज दोन-अडीचची. चहापुरत्या दुधात हे गणित बसत नाही. आपल्याकडे एवढे दूध सगळ्यांना परवडणार नाही, म्हणून प्रथिनांसाठी मटकी, हुलगे, मूग, हरभरा रोज हवेच. पण डाळींत बी-१२ नसते, ती उणीव दूध, दही, ताक किंवा गोळीनेच भरते.

याच पुस्तकात त्यांनी दुधाला प्राणिज अन्न म्हटले आहे. दूध चालत असेल त्याला निर्जीव अंड्याची हरकत नसावी, इथपर्यंत ते आले. दुधाची जागा घेणारी वनस्पती वैद्यांनी शोधावी, अशी त्यांची इच्छा होती. आदर्श आहाराने सगळे टळले असेही नाही. १९४० मध्ये त्यांचा रक्तदाब २२०/११० नोंदला गेला होता.

३० जानेवारी १९४८ ला त्यांचा खून झाला. त्याच वर्षी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये, स्वतंत्रपणे, बी-१२ शुद्ध रूपात वेगळे काढण्यात यश आले. ते सूक्ष्म जीवाणू बनवतात, वनस्पती बनवत नाहीत. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून मांसाहार सोडणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षे काही जाणवत नाही.

सायखेड्याच्या त्या शेतकऱ्यांना माळ काढा असे मी सांगितले नाही. इंजेक्शनात प्राण्याचे काही आहे का, हे त्यांनी आधी विचारून घेतले. ते टाक्यांत जीवाणू वाढवून तयार होते म्हटल्यावर बाही वर केली. त्यांच्या कारभारणीने आता सकाळच्या धारेतले एक लिटर घरात ठेवायला सुरुवात केली आहे. डेअरीचे बिल कमी आले म्हणून मुलगा कुरकुरतो. सहा महिन्यांनी तोल सावरला आहे. पायाच्या बोटांचा बधिरपणा मात्र अजून आहे, आणि तो किती जाईल हे मी त्यांना सांगू शकलो नाही.